खुब्याचं ऑपरेशन आणि २२ तारखेची पेशी : बाबांना कोर्टात न्यायचं कसं?

रामबागची_लेक · मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार. इंदूरहून लिहिते आहे. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगून नीट उत्तर मिळणार नाही म्हणून सगळंच सांगते.

माझे बाबा ७९ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं त्यांनी राजवाड्याजवळ घड्याळं दुरुस्त केली. रामबागेत आमचं जुनं दुमजली घर आहे. खालच्या दोन खोल्यांत १९९४ पासून भाडेकरू आहेत आणि आम्ही वर राहतो. वर जायला सतरा पायऱ्यांचा लाकडी जिना आहे, मधल्या काही पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. बाबांचे गुडघे गेले तसं त्यांना खाली राहायची गरज पडू लागली. भाडेकरूंना दोन वर्षं तोंडी सांगून पाहिलं. शेवटी २०२१ मध्ये स्वतःला राहायला जागा हवी या कारणासाठी इथल्या दिवाणी कोर्टात दावा लावला. बाबाच वादी आहेत. त्यांचं मुख्य साक्षीचं शपथपत्र दाखल होऊन बरेच महिने झाले. राहिलाय तो उलटतपास, म्हणजे इथे ज्याला प्रतिपरीक्षण म्हणतात तो.

त्यासाठी आतापर्यंत तीन तारखा पडल्या. पहिल्या वेळी समोरचे वकील आले नाहीत. दुसऱ्या वेळी आमचे वकीलसाहेब हायकोर्टात अडकले होते. तिसऱ्या वेळी बाबांना डेंग्यू झाला होता, तेव्हा कोर्टाने तारीख दिली पण आदेशपत्रिकेत ‘अंतिम अवसर’, म्हणजे शेवटची संधी, असं लिहिलं. पुढची पेशी, म्हणजे सुनावणी, येत्या २२ तारखेला आहे.

आणि या ३ तारखेला सकाळी दूध घ्यायला खाली उतरताना बाबा त्याच जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ५ तारखेला ऑपरेशन झालं, अर्धा खुबा बदलला. काल घरी आणलं. चौघांनी खुर्चीत बसवून वर चढवलं, आणि प्रत्येक पायरीला त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की अजून निळं आहे. वॉकर धरून पलंगापासून मोरीपर्यंत जातात. जिना उतरायचा नाही, खाली बसायचं नाही, सहा आठवडे काळजी घ्यायची असं डॉक्टर म्हणाले.

हॉस्पिटलने दाखला दिला तो एका ओळीचा : ‘रुग्णास विश्रांतीचा सल्ला देण्यात येत आहे.’ काय झालंय, किती दिवस, का, काहीच नाही. वकीलसाहेबांच्या मुंशीजींना फोन केला तर म्हणाले, “चिंता मत करो दीदी, अर्जी लगा देंगे, तारीख मिल जाएगी.” पण मला चिंता वाटते. ‘अंतिम अवसर’ हे शब्द मी स्वतः वाचले आहेत.

माझे प्रश्न असे :

पुढची तारीख मिळालीच नाही तर दावा जाईल का? मी त्यांची मुलगी, त्याच घरात राहते, माझ्या नावाने मुखत्यारपत्र केलं तर त्यांच्याऐवजी मी साक्ष देऊ शकते का? दाखल्यात नेमकं काय हवं? आणि कोर्टाचं माणूस घरी येऊन साक्ष घेतं असं कोणीतरी म्हणालं, ते खरं का? आमच्या सुदामानगरच्या मावसभावाकडे लिफ्टचा फ्लॅट आहे, तिथे बाबांना महिनाभर ठेवावं असाही विचार चालू आहे.

अजून एक. बाबांना तारीख नको आहे. रोज सकाळी चहा घेताना विचारतात, “बावीसला किती दिवस राहिले?” मी आकडा सांगते, ते मान हलवतात. चार वर्षं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं म्हणून वाट पाहिली आहे. त्यांना ‘तारीख वाढवतोय’ हे सांगायला माझी जीभ उचलत नाही.

---

दिवाणी_बाजू_पुणे · मंगळवार, रात्री ११:२५

ताई, मी पुण्यात दिवाणी वकिली करतो. मध्य प्रदेशातला भाडे कायदा वेगळा (तुमच्याकडे १९६१ चा स्थान नियंत्रण अधिनियम), पण तुमचे प्रश्न दिवाणी प्रक्रिया संहितेतले आहेत आणि ती सगळीकडे एकच.

आधी तहकुबीचं, म्हणजे सुनावणी पुढे ढकलण्याचं. आदेश १७ नियम १ प्रमाणे सुनावणीच्या काळात एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये, असं बंधन १ जुलै २००२ पासून आहे. यातला ‘एका पक्षकाराला’ हा शब्द महत्त्वाचा. तुम्ही सांगितलेल्या तीनांपैकी पहिली तारीख समोरच्यांमुळे गेली, ती तुमच्या खात्यात धरता येत नाही. म्हणजे तुमच्या दोनच. आदेशपत्रिकेची नक्कल काढा आणि प्रत्येक तारखेपुढे कोणाच्या कारणाने असं लिहिलंय ते बघा. आठवणीवर बोलू नका.

समजा तिन्ही संपल्या असत्या, तरी दार पूर्ण बंद होत नाही. सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये हेच स्पष्ट केलं की गोष्ट पक्षकाराच्या हाताबाहेरची असेल तर तीनची मर्यादा आड येत नाही. पक्षकाराला अचानक गंभीर आजाराने रुग्णालयात भरती व्हावं लागणं, मोठा अपघात होणं, हीच उदाहरणं त्या निकालात दिली आहेत. भोपाळ वायुदुर्घटना, गुजरातचा भूकंप आणि त्सुनामी यांचाही उल्लेख आहे. वडिलांचं खुब्याचं हाड यात सरळ बसतं.

त्याच नियमात वकिलांचीही गोष्ट आहे. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतले होते हे तहकुबीचं कारण धरलं जात नाही. वकील आजारी असले तरी, पक्षकाराला वेळेत दुसरा वकील करता आला नसता अशी कोर्टाची खात्री पटावी लागते. तेव्हा २२ ला वकीलसाहेब स्वतः हजर राहतील याची आत्ताच खात्री करून घ्या.

मुखत्यारपत्राबद्दल. मुखत्यार तुमच्या वडिलांच्या वतीने हजर राहू शकतो, अर्ज देऊ शकतो. पण जे फक्त वडिलांनाच ठाऊक आहे त्याची साक्ष त्यांच्याऐवजी देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या डिसेंबरमध्ये एका बँकेच्या प्रकरणात हे पक्कं केलं आहे. मात्र तुम्ही स्वतः त्याच घरात राहता, जिना पाहता, त्यांना पडलेलं पाहिलंत. तुम्ही मुखत्यार म्हणून नाही तर स्वतंत्र साक्षीदार म्हणून यायला हव्यात. दोन्हीत फार फरक आहे.

आणि शेवटचा प्रश्न तुम्ही अगदी बरोबर जागी विचारला. आदेश २६ नियम १. आजारपणामुळे किंवा अशक्तपणामुळे कोर्टात येऊ न शकणाऱ्या माणसाची साक्ष कोर्ट कमिशन नेमून, म्हणजे आपल्या वतीने कमिशनर पाठवून, घेऊ शकतं. त्याच नियमाच्या स्पष्टीकरणात असंही आहे की नोंदणीकृत डॉक्टरने सही केलेला दाखला कोर्ट पुरावा म्हणून स्वीकारू शकतं, डॉक्टरला साक्षीला बोलवायची गरज नाही. मुख्य साक्ष शपथपत्रावर आहेच, राहिलेला उलटतपास कमिशनर घरी येऊन नोंदवून घेईल.

---

निवृत्त_रीडर_इंदूर · बुधवार, सकाळी ६:५०

बाई, मी इथल्याच जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी रीडरच्या, म्हणजे न्यायाधीशांजवळ बसणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, खुर्चीत. वरच्या वकीलसाहेबांनी कायदा बरोबर सांगितला आहे. मी टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

आजारपणाचे अर्ज रोज येतात. सोमवारी जास्त येतात. त्यातले बरेच खोटे असतात आणि न्यायाधीशसाहेबांना ते ठाऊक असतं. एका ओळीचा दाखला, तोही पेशीच्या दिवशी अकरा वाजता, मुंशीच्या हातून, पक्षकाराकडचं कोणीही हजर नाही, असं पान समोर आलं की खरा आजारीसुद्धा खोटा वाटतो. तुमचे वडील खरोखर अंथरुणाला खिळले आहेत. ते खरं कागदावर दिसलं पाहिजे, बाकी काही नको.

दाखला पुन्हा घ्या. डॉक्टरांना हात जोडून सांगा की कोर्टात द्यायचा आहे. त्यात आजाराचं नाव, पडल्याची तारीख, ऑपरेशनची तारीख आणि कोणतं ऑपरेशन, जिना उतरणं, गाडीत बसणं, खुर्चीत फार वेळ बसणं यातलं काय करता येत नाही, आणि हे किती आठवडे. खाली डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, दिनांक. आणखी एक वाक्य मागून घ्या, ते लोक विसरतात : रुग्ण शुद्धीवर आहे, बोलू शकतो, प्रश्न समजून उत्तर देऊ शकतो. हे नसेल तर समोरचा वकील उद्या म्हणेल की औषधांच्या गुंगीत साक्ष दिली. दाखल्याला डिस्चार्ज कार्ड आणि एक्सरेचा रिपोर्ट जोडा.

शपथपत्र तुम्ही स्वतः करा. मुंशीने नाही. ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याची शपथ. अर्ज आजच्या आज तयार करून दोन-चार दिवसांत लावा, २२ ची वाट पाहू नका, आणि त्याची प्रत समोरच्या वकिलांना देऊन पोच घ्या. आणि २२ ला पुकार होईल तेव्हा तुम्ही दारात उभ्या असा. आधी अर्ज दिला म्हणून घरी बसायचं नाही. अर्ज देणं आणि तो मंजूर होणं यांच्यामध्ये किती घरं बुडालेली मी पाहिली आहेत.

आता मुख्य गोष्ट. तारीख मागू नका, कमिशन मागा. मुंशीजी म्हणतात तशी तारीख कदाचित मिळेलही. सहा आठवड्यांनी पुन्हा तेच, तेव्हा वडील वॉकरवर, पुन्हा तोच जिना, पुन्हा एक अर्ज. आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं पण बोललं पाहिजे. वय ७९ आहे. उलटतपास झाला नाही तर त्यांच्या शपथपत्राला फारसं वजन राहत नाही. माणूस गेला की त्याचं म्हणणं त्याच्याबरोबर जातं, वारस नाव लावू शकतात पण त्याच्या तोंडचे शब्द आणू शकत नाहीत. त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगायचंय ना? मग त्यांना सांगू द्या. अर्जात पहिली मागणी कमिशनची ठेवा. ती मान्य झाली नाही तरच तारीख, आणि तीही ठरावीक दिवसाची, असं खाली लिहा. समोरच्यांना विरोध करायलाही जागा उरत नाही, कारण तुम्ही दावा लांबवत नाही आहात, पुढे नेत आहात.

दुसरं असं की तुमच्या वकिलांच्या हे ध्यानात आलं असेल तर उत्तमच. तुमचा दावा कशासाठी आहे? जिना चढवत नाही म्हणून खालच्या खोल्या हव्यात. आणि वडील कुठे पडले? त्याच जिन्यावर. ते डिस्चार्ज कार्ड नुसतं गैरहजेरीचं कारण म्हणून अर्जाला टाचू नका. ती दाव्यातलीच गोष्ट आहे. दावा लावल्यानंतर घडलेली आहे, म्हणून आदेश ६ नियम १७ खाली वादपत्रात (दाव्याच्या मूळ अर्जात) दुरुस्ती मागता येते. साक्षी सुरू झाल्यावर दुरुस्ती सहजी मिळत नाही, आधी का नाही सांगितलं हे पटवावं लागतं. इथे पटवायला काय लागतं? पडायच्या आधी पडल्याचं कोण लिहिणार?

सुदामानगरचं : तब्येतीसाठी न्यायचं असेल तर जरूर न्या, तब्येत आधी. पण मग अर्जात ते सरळ लिहा, अमुक तारखेपासून अमुक पत्त्यावर आहेत म्हणून. कागदावर रामबाग आणि माणूस सुदामानगरात असं झालं तर उद्या ‘वादी तर बाहेर फिरतात’ हे त्यांच्या तोंडी आयतं द्याल. घरीच ठेवणं जमत असेल तर माझ्या मते घरीच ठेवा. कमिशनर तो जिना चढून वर येऊ दे.

---

देवासकर · बुधवार, दुपारी १:१५

रीडरकाकांच्या एका वाक्यासाठी लिहितोय. “अर्ज दिला म्हणून घरी बसायचं नाही.”

आमच्या शेताच्या वाटणीच्या दाव्यात वडील वादी होते. त्यांना हृदयविकाराचा झटका आला, आठ दिवस आयसीयूत होते. मी आणि भाऊ दोघं हॉस्पिटलच्या बाकावर झोपत होतो. पेशी आहे हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. वकिलांना वाटलं आम्ही येऊ, आम्हाला वाटलं वकील बघतील. पुकार झाली, आमच्याकडचं कोणी नाही. दावा ‘अदम पैरवी’त, म्हणजे गैरहजेरीमुळे, खारीज. मला हे तीन आठवड्यांनी मोबाइलवर केसची स्थिती पाहिली तेव्हा कळलं. ते दोन शब्द वाचून हात गार पडले.

नशीब इतकंच की तीस दिवस उलटले नव्हते. गैरहजेरीत काढलेला दावा पुन्हा उभा करायला आदेश ९ नियम ९ खाली अर्ज द्यावा लागतो आणि त्याची मुदत तीस दिवस. तो पुन्हा उभा झाला नाही तर त्याच कारणावर नवा दावाही लावता येत नाही. आम्ही अठ्ठाविसाव्या दिवशी अर्ज दिला. आयसीयूची सगळी बिलं, रोजचे चार्ट जोडले. दावा परत लागला, पण त्या एका अर्जाला चौदा महिने गेले. वडील त्या चौदा महिन्यांत रोज म्हणायचे, माझ्यामुळे झालं. त्यांच्यामुळे काही झालं नव्हतं. आमच्यातल्या एकाने एक तास कोर्टात जाऊन उभं राहायला हवं होतं.

ताई, २२ ला तुम्ही स्वतः जा. बाबांजवळ शेजारच्या काकूंना बसवा.

---

मांजलपूर_वडोदरा · बुधवार, रात्री ९:०५

विषय थोडा वेगळा आहे, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. माझ्या मिस्टरांवर चेक बाउन्सची केस आहे, वडोदऱ्यात. त्यांचं डायलिसिस चालू आहे, मंगळवार आणि शुक्रवार. पुढची मुदत (तारीख) नेमकी शुक्रवारी पडली आहे. ते आरोपी आहेत म्हटल्यावर त्यांना जावंच लागेल ना? वॉरंट निघेल या भीतीने ते डायलिसिस चुकवायचं म्हणताहेत.

---

दिवाणी_बाजू_पुणे · बुधवार, रात्री ९:४०

डायलिसिस चुकवू देऊ नका. कृपा करून.

फौजदारीत हजेरी माफीचा अर्ज असतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तो कलम ३५५ मध्ये येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ३१७ होतं. वकील हजर राहतात आणि आरोपीची त्या दिवसापुरती हजेरी माफ करून काम पुढे चालवतात. अर्जाला डायलिसिसचं वेळापत्रक आणि मागच्या काही आठवड्यांच्या नोंदी जोडा. आजार लांब चालणारा आहे, तर दर वेळी नव्याने मागण्यापेक्षा कायमची सूट मागा, समन्सच्या प्रकरणात ती कलम २२८ खाली देता येते. आणि पुढच्या तारखा मंगळवार-शुक्रवार सोडून द्याव्यात एवढी विनंती वकिलांनी तोंडी केली तरी बहुतेक न्यायाधीश ऐकतात. वॉरंट निघतं ते कोणीच आलं नाही आणि अर्जही नाही तेव्हा.

---

मांजलपूर_वडोदरा · बुधवार, रात्री ९:५२

त्यांना वाचून दाखवलं. शुक्रवारी दवाखान्यातच जातील. आभार, भाऊ.

---

रामबागची_लेक · गुरुवार, रात्री ११:१०

रीडरकाका, तुमचं उत्तर मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं (त्यांना कमी ऐकू येतं). ‘तारीख मागू नका’ इथे त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

दाखला बदलून मिळाला. दोनदा जावं लागलं. पहिल्यांदा काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की छापील नमुना एकच असतो. दुसऱ्यांदा मी ओपीडीत नंबर लावून डॉक्टरांसमोरच बसले, त्यांनी दहा मिनिटांत हाताने पूर्ण पान लिहून दिलं. शुद्धीवर असल्याचं वाक्यसुद्धा. व्हिडिओवर साक्ष देता येईल का असं वकीलसाहेबांनी विचारलं, २००३ पासून ते चालतं म्हणाले. पण बाबांना पडद्यावरचं ओठ हलणं आणि आवाज जुळत नाही, गोंधळतात. समोर बसून बोललेलं कळतं. म्हणून कमिशनच.

अर्ज उद्या लागतोय. काका, एक शंका : घरी घेतलेली साक्ष कोर्टातल्यासारखीच धरतात ना?

---

निवृत्त_रीडर_इंदूर · शुक्रवार, सकाळी ६:३०

धरतात. पण समोरचा पक्ष राजी नसेल तर, साक्षीदार आजारपणामुळे कोर्टात येऊ शकत नाही हे ती साक्ष वाचली जाते तेव्हाही खरं असावं लागतं, नाहीतर ते सिद्ध करण्यातून कोर्टाने सूट द्यावी लागते. आदेश २६ नियम ८. म्हणून दाखल्याची आणि पुढच्या तपासण्यांची फाइल जपून ठेवा, कमिशन झालं म्हणजे संपलं असं समजू नका.

कमिशनर बहुधा एखादे वकील असतात. त्यांचा खर्च अर्ज करणाऱ्याला कोर्टात भरावा लागतो, रक्कम साहेब ठरवतील. प्रश्नावर हरकत आली तर कमिशनर ती फक्त लिहून घेतो, निकाल कोर्ट देतं, तेव्हा तिथे वाद घालत बसू नका. वडिलांना सांगा : प्रश्न ऐकू आला नाही तर पुन्हा विचारा म्हणायचं, अंदाजाने उत्तर द्यायचं नाही. आणि सही करायच्या आधी लिहिलेलं सगळं वाचायचं. कितीही वेळ लागो.

---

रामबागची_लेक · तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:२०

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

२२ ला मी साडेदहालाच जाऊन उभी राहिले. समोरच्या वकिलांनी विरोध केला, म्हणाले आधीही आजारपणाची तारीख घेतली आहे, यांना दावा लांबवायचाच आहे. साहेबांनी एक्सरेचा रिपोर्ट वाचला, दाखला उलटून पाहिला आणि विचारलं, “ये तो तारीख माँग ही नहीं रहे, लंबा कैसे करेंगे?” कमिशन मंजूर झालं. कमिशनरची फी आम्ही भरायची, बाकी खर्चाचा भुर्दंड नाही.

मागच्या शनिवारी सगळे घरी आले. बाबांना भिंतीशी उंच खुर्चीवर दोन उशा घालून बसवलं होतं. पहाटेच उठून दाढी केली होती त्यांनी, पांढरा सदरा घातला होता. समोरचे वकील चांगले वागले, मी उगाच धास्तावले होते. सुरुवातीलाच म्हणाले, “दादाजी, बीच में थकान लगे तो बता दीजिए.” सव्वादोन तास चाललं. एकदा मध्ये दहा मिनिटं थांबलो.

भाडेकरूंच्या लेखी जबाबात लिहिलेलंच त्या वकिलांनी विचारलं, की तुम्ही तर रोज सराफ्यापर्यंत पायी जायचात. बाबा म्हणाले, “जाता था. दिन में एक बार उतरता, एक बार चढ़ता. दूसरी बार उतरने की हिम्मत नहीं होती थी, इसलिए दवा भी बेटी लाती थी.” मी दाराआड उभी होते. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं त्यांना आळस येतो.

जबाब तिथेच टाइप होऊन छापला. बाबांनी टेबलाच्या खणातून आपलं घड्याळाचं भिंग मागितलं, ते डोळ्याला लावलं आणि एकेक ओळ वाचायला लागले. सगळे थांबले. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थबकलं. भाडं १,८०० च्या जागी १८,००० छापलं होतं. कमिशनरसाहेबांनी ते खोडून दुरुस्त केलं, बाजूला सही केली, दोन्ही वकिलांनी पाहिलं. मग बाबांनी प्रत्येक पानाखाली सही केली. हात थरथरत होता पण सही पूर्ण केली, नेहमीसारखी खालच्या रेघेसकट.

कमिशनचा अहवाल १४ तारखेला कोर्टासमोर येईल. वादपत्रातल्या दुरुस्तीचा अर्जही त्याच दिवशी लावतो आहोत, आणि साक्षीदारांच्या यादीत माझं नाव घातलं आहे. डॉक्टरांकडे परवा पुन्हा दाखवायला न्यायचं आहे, तिथला कागद फाइलला लावेन.

आज सकाळी चहाच्या वेळी बाबांनी विचारलं, “चौदाला किती दिवस राहिले?” मी म्हटलं, नऊ.